तळटीप १४ : ‘एन्फील्डचे काडतूस’

१४. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल. नळीत तीन पीळदार खाचा, ७८ इंचांत एक फेरा. गोळी त्यांत घट्ट बसली तरच फिरकी घेऊन नेमकी जाई. पण ती तोंडाकडून ठासायची, म्हणून ०.५७७ इंचाच्या नळीला ०.५६८ची गोळी. बार उडताच तिचा पोकळ बुडखा फुगून खाचांत रुते. दाताने काडतूस फाडून दारू ओतायची, मग चरबी लावलेल्या कागदासकट गोळी आत. १८५७ चा भडका उडाला तो या चरबीवरून. मापाकडे मात्र इतिहासकार सहसा फिरकत नाहीत. पुढे काजळी धरलेल्या नळीत गोळी अडे, म्हणून ती ०.५५० इंचावर आणली.