सुरतेचे कासव आणि आमचा मोती

गणपती बसण्याच्या चार दिवस आधी पोळा येतो. खानदेशातून सुरतेत येऊन स्थिरावलेल्या आपल्या कितीतरी घरांत आजही त्या दिवशी मातीची बैलजोडी देव्हाऱ्यासमोर मांडतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. खरे बैल गावी राहिले, पण सण सोबत आला. पोळा हा राबणाऱ्या बैलाचा सण आहे. ज्याच्याने आता औत ओढवत नाही त्या बैलाचे काय करायचे, हे मात्र त्या दिवशी कुणी विचारत नाही.

आमच्या घरी बैल नव्हता. एक पांढरा पॉमेरियन होता, मोती. प्लेगच्या पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, दीड महिन्याचा असताना तो घरी आला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर शहरात शिरला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. खालचा मजला पाण्यात होता आणि आम्ही सगळे गच्चीवर. वरून पडणाऱ्या अन्नाच्या पाकिटांतले पहिले बिस्कीट कुणाला द्यायचे, यावर घरात वाद झाला नाही.

पुरानंतर तो म्हातारा झाला असे आम्ही म्हणत असू. खरे तर वय झालेच होते. आधी डोळ्यांत मोतीबिंदू आला. तो आठवणीने घरात फिरायचा, म्हणून दोन वर्षे आम्ही बैठकीतला सोफा जागचा हलवला नाही. मग कान गेले. आरतीला झांज वाजली की सुरात सूर मिळवणारा मोती एका वर्षी पाटाखाली शांत झोपून राहिला, आणि आरती म्हणताना आईचा आवाज अडखळला. शेवटी मूत्रपिंडे थकली. सारखे पाणी पिणे, जेवणावरून तोंड फिरवणे, रात्री उठून भिंतीकडे पाहत उभे राहणे. ज्यांच्या घरी म्हातारे कुत्रे किंवा मांजर होते, त्यांना यातले काही नवे नाही.

२००९ च्या श्रावणात डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही. इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवता येईल, पण ते तुम्ही ठरवायचे. घरात दोन पक्ष पडले. मुलगी म्हणाली, त्याचे हाल बघवत नाहीत. आई म्हणाली, जीव आपण दिला नाही, आपण घ्यायचा नाही. आमचे बोलणे तीन दिवस चालले आणि तिसऱ्या रात्री मोती आपणहून गेला. शेवटचे काही तास त्याला सोपे गेले नाहीत. आम्ही वेळेवर ठरवले नाही, की ठरवले नाही तेच बरे झाले, हे आजही आम्हांला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर रजा कळवताना कारण ‘घरगुती’ असे लिहिले. कुत्रे गेले असे लिहायची लाज वाटली. भेटायला आलेल्या एका स्नेह्यांनी समजूत घातली, ‘‘अहो, हे कुत्र्यामांजरांचे दुःख म्हणजे आजकालचे फॅड. आपल्या वाडवडिलांनी असे कधी केले होते का?’’ त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे सुरतेचा जुना इतिहास वाचताना मात्र ते मिळाले.

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. मुघलांच्या या श्रीमंत बंदरावर महाराजांच्या दोन स्वाऱ्या झाल्या, तेवढा धडा आपल्याला पाठ आहे. त्याच काळात याच सुरतेची आणखी एक ख्याती युरोपात पोहोचली होती. इथे जनावरांसाठी इस्पितळ होते.

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६९० च्या सुमारास सुरतेत होता. त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापले गेले. त्यात त्याने लिहिले आहे की गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशी आजारी, लंगडी किंवा वयाने थकलेली जनावरे सांभाळण्यासाठी शहराजवळ एक जागा राखलेली आहे. बैल कामातून गेला की मालक तो खाटकाला विकण्याची भीती असे. अशा वेळी इथला वाणी मध्ये पडून तो बैल मागून घेई, नाहीतर पैसे मोजून विकत घेई आणि त्या जागी नेऊन सोडी. तिथे बैल मरेपर्यंत राही.

ही पद्धत सुरतेपुरती नव्हती. राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याआधी शंभर वर्षे, १५८० च्या दशकात, खंभातमध्ये कुत्री, मांजरे आणि पक्षी यांची इस्पितळे पाहिली होती. इटलीचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ मध्ये खंभातलाच गेला. पक्ष्यांच्या इस्पितळात त्याला पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध दिसला. नाकावर चष्मा चढवून, कापसाच्या पेटीत ठेवलेल्या आईवेगळ्या उंदरांच्या पिलांना तो पिसाने दूध पाजत होता. बाप्पाच्या वाहनाची एवढी बडदास्त क्वचितच कुठे राखली गेली असेल!

सुरतेच्या इस्पितळाचे सर्वांत तपशीलवार वर्णन आहे ते जेम्स फोर्ब्स याचे. तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता, पुढे रघुनाथरावांच्या मोहिमेत इंग्रज फौजेबरोबर गुजरातेत फिरलेला. त्याने आपल्या आठवणी १८१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात तो सांगतो की उंच भिंतींच्या आत मोठी मोकळी जागा होती आणि तिचे वेगवेगळे चौक पाडलेले होते. कुठल्याही जातीच्या वा देशाच्या माणसाने जनावर आणले तरी ते नाकारले जात नसे. घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे, सगळी तिथे होती. उंदीर आणि ढेकणांसाठीही वेगळा भाग होता. ढेकणांचे पोट भरावे म्हणून भिकाऱ्यांना पैसे देऊन रात्रभर तिथे झोपवत, हे वाचून युरोपातले लोक खूप हसले. आपल्यालाही हसू येते.

पण फोर्ब्सने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे, बरे झालेले जनावर मालकाला परत मिळत नसे. ते जन्मभर तिथेच राही आणि त्याला एकच काम असे: जी जनावरे वयामुळे किंवा आजारामुळे स्वतः पाण्यापर्यंत जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी पाणी ओढणे. आपल्याकडचे आजारी माणसाचे करणे तरी याहून वेगळे काय असते?

दुसरी गोष्ट कासवाची. तिथे एक म्हातारे कासव होते आणि ते पंचाहत्तर वर्षे त्या जागी असल्याची माहिती होती. हे वर्णन १७७२ च्या सुमाराचे. म्हणजे कासव आले तेव्हा १६९७ साल असावे. औरंगजेब हयात होता आणि संभाजीराजांचे पुत्र शाहू त्याच्या छावणीत कैदेत होते. पुढे शाहू सुटले, छत्रपती झाले, त्यांच्या सरदारांनी सुरत अठ्ठावीशीत चौथाई बसवली, पानिपत झाले, सुरतेचा किल्ला १७५९ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि १७७२ च्या कार्तिकात थेऊरला माधवराव पेशवे गेले. राज्ये आली आणि गेली, तरी या शहरात कुणीतरी रोज त्या कासवाला पाला घालत होते. ज्यांनी त्याला आणले, त्यांच्या नातवंडांनी त्याचे केले असणार. कासव कुणाच्या उपयोगाचे होते? कुणाच्याच नाही.

याचा खर्च चाले तो महाजनाच्या शिस्तीवर. व्यापारी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक ‘लागा’ काढून ठेवत आणि त्यातून पांजरापोळ चाले. हीच पद्धत मुंबईला गेली. १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि शहरात दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ त्याच शतकातले. ते ज्यांच्या देणगीतून झाले ते पेटिट घराणे सुरतेहूनच मुंबईला गेलेले.

आता कुणी म्हणेल, हे वाण्या-पारशांचे झाले. आपल्या मराठी मुलखात काय होते? त्यासाठी साताऱ्याला जाऊ. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, शाहू महाराजांची समाधी आहे. त्याच परिसरात त्यांच्या खंड्या कुत्र्याचे दगडी स्मारक आहे. शिकारीत वाघ अंगावर आला असता या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, असे सांगतात. ग्रँट डफने तर नोंदवले आहे की महाराजांनी कुत्र्याला सनदेने जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबार भरवला. डफच्या लेखी हा राजाचा लहरीपणा होता. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या मुलाचे वय कैदेत गेले, त्याला निष्ठा म्हणजे काय हे इतरांपेक्षा अधिक कळत असावे. छत्रपतींनी कुत्र्यासाठी स्मारक बांधावे आणि आम्ही रजेच्या अर्जात त्याचे नावही लिहू नये!

तरीही आमच्या त्या तीन दिवसांचा प्रश्न उरतोच. अखेरपर्यंत सांभाळावे ही सुरतेची रीत. पण असह्य वेदनेत सांभाळत राहणे ही दया आहे का? हा प्रश्न याच गुजरातेत एका मोठ्या माणसापुढे उभा राहिला होता. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातले एक वासरू जखमी होऊन तडफडत होते. उपचार थकले होते. गांधीजींनी आश्रमातल्या सोबत्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन त्याला मरण दिले. नंतर त्यांनी त्यावर उघडपणे लिहिले, आणि लोकांची संतप्त पत्रे येतच राहिली. अहिंसेचा पुरस्कर्ता वासराचा जीव घेतो, हे कित्येकांना पटले नाही. गांधीजींचे म्हणणे असे की वेदनेतून सोडवण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तर, स्वार्थ नसताना, असे मरण देणे ही हिंसा नव्हे.

आमच्या घरात आई पांजरापोळाच्या बाजूची होती आणि मुलगी साबरमतीच्या बाजूची. तेव्हा आम्हांला वाटले, एक बाजू जुनी आणि एक नवी, एक भाबडी आणि एक कठोर. आता वाटते, दोघी एकाच गोष्टीसाठी भांडत होत्या. मोतीचा उपयोग संपला म्हणून कुणीच बोलत नव्हते. त्याचे पाणी कोण ओढणार, एवढाच वाद होता. ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: त्याला किती दुखते आहे, ते कमी करता येईल का, आणि येत नसेल तर पुढे काय. हे विचारायला आम्ही उशीर केला. आणि मग जे ठरेल ते ठरल्यावर एकमेकांना दोष देऊ नये.

त्या वर्षी गणपती बसवावा का, असे आईने विचारले होते. गुरुजी म्हणाले, जनावराचे सुतक नसते, निःशंक बसवा. आम्ही बसवला. उकडीचा एक मोदक दरवर्षी मोतीच्या वाटीत जाई. त्या वर्षीही सवयीने तो बाजूला काढला गेला, मग गल्लीतल्या एका लंगड्या कुत्रीपुढे ठेवला. तिने तो खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पायरीपाशी येऊन बसली. पुढची चार वर्षे ती येत राहिली.

आपल्या मंडळातल्या घरांत आता कुत्री-मांजरे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच म्हातारी होत आली आहेत. मुले परदेशी गेलेल्या घरांत तर दिवसभराची सोबत तीच. अशा घरातले जनावर गेले तर ‘दुसरे आणा’ असे लगेच म्हणू नये. माणूस गेल्यावर भेटायला जातो तसे जाऊन दहा मिनिटे बसावे, नाव घेऊन आठवण काढावी. कुणाला गावी जायचे असेल आणि घरी म्हातारे कुत्रे असेल, तर शेजारच्याने चार दिवस ते ठेवून घ्यावे. कासवाला पंचाहत्तर वर्षे पाला घालणाऱ्या शहरात आपण राहतो. एवढे आपल्याला जमायला हरकत नाही.