वीरगळ, सिनेमा आणि घरची बाई



आपल्या नांदेड-लातूर भागात जुन्या देवळाशेजारी, वेशीपाशी कोरीव दगड उभे दिसतात. कुणी त्यांना शेंदूर लावतं, कुणी देव समजून हात जोडतं. त्यातले बरेच वीरगळ असतात, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची आठवण.

वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. कधी तिथं गाईही कोरलेल्या असतात. तो गावची गुरं वाचवताना मेला, असा त्याचा अर्थ. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील.

मग बाई कुठं आहे? एक तर अप्सरा म्हणून, नाहीतर सतीच्या दगडावर. तिथं बहुतेक वेळा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. नवऱ्यामागं जी जगली, जिनं लेकरं वाढवली, शेत कसलं, तिचा दगड काही दिसत नाही.

सिनेमाही याच वाटेनं जातो. 2022 साली आलेला 'पावनखिंड' आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. बाजीप्रभूंची 1660 सालची झुंज बघताना डोळ्यात पाणी येतं, यायलाच पाहिजे. पण पडदाही दगडासारखाच लढाई, मरण आणि कीर्ती दाखवतो. बाई वीर म्हणून दिसते ती तलवार हाती घेतल्यावर. झाशीच्या राणीवर 1953 साली सोहराब मोदींनी सिनेमा काढला, 2019 साली 'मणिकर्णिका' आला.

आता आपल्या मराठवाड्याचं बघा. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, तरी आपण निजामाच्या राज्यातच होतो. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज आत आली आणि 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. त्या लढ्यातल्या जालना भागातल्या दगडाबाई शेळके आपल्याला माहीत आहेत. पण त्यांनाही आपण 'मराठवाड्याची झाशीची राणी' म्हणूनच ओळखतो.

लढणाऱ्यांना भाकरी लागते, निरोप लागतो, लपायला घर लागतं. रझाकारांच्या भीतीनं घर सोडताना लेकरं कडेवर कुणी घेतली असतील? ही हिंमत दगडात कोरलेली नाही, पडद्यावरही फारशी येत नाही.

म्हणून दोन कामं करू. वीरगळाला ऑइलपेंट फासू नका, पायात दगड म्हणून वापरू देऊ नका. आणि गावात पंच्याऐंशीच्या पुढची आजी असेल, मग ती कुठल्याही जातीधर्माची असो, तर तिला त्या दिवसांबद्दल विचारा. ती सांगेल ते तिच्या नावासकट गटाच्या वहीत लिहून ठेवा. हप्त्यांचा हिशोब आपण इतका चोख लिहितो, त्याच वहीत आजीसाठी दोन पानं राखून ठेवू.