मासाच जेव्हा गळ टाकतो

परवा वर्गात हिंदी वाचन चालू असता 'चारा' हा शब्द आला. मजकूर मासेमारीचा होता. मी अर्थ विचारताच मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मासे कडबा खातात का?" सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण चूक त्या मुलाची नव्हती. हिंदीत माशाला दाखवायचे खाद्य म्हणजे 'चारा' आणि गळ म्हणजे 'काँटा'. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडच्या मराठी घरात चारा असतो गोठ्यात आणि माशाचा काटा निघतो ताटात.

त्याच पानावर एका विद्रूप, भल्या मोठ्या तोंडाच्या माशाचे चित्र होते. खाली नाव होते 'अँग्लरफिश'. "सर, याला मराठीत काय म्हणायचे?" हा त्याच मुलाचा दुसरा प्रश्न. आजचे भाषण त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

इंग्रजीत 'अँगल' म्हणजे कोन, हे आपण भूमितीत शिकतो. पण त्याच उच्चाराचा दुसरा एक जुना शब्द आहे. त्याचा अर्थ गळ. वाकडेपणा दाखविणाऱ्या ज्या प्राचीन धातूपासून तो आला, त्याच कुळातला आपला 'अंकुश' होय. गळाने मासे धरतो तो अँग्लर. तेव्हा अँग्लरफिश म्हणजे गळ टाकणारा मासा. त्याच्या पाठीवरील पहिला काटा लांब वाढून डोक्यापुढे काठीसारखा येतो. काठीच्या टोकाला मांसाचा लहानसा गोळा असतो. तो हलवून मासा निश्चल पडून राहतो. खाद्य समजून लहान मासे जवळ येतात आणि त्या अजस्र तोंडात नाहीसे होतात. खोल समुद्राच्या काळोखात राहणाऱ्या जातींत माद्यांचा हा गोळा प्रकाशतो; तो उजेड त्यात वस्ती करणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असतो.

हे कौतुक आजचे नव्हे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या माशाची शिकार वर्णिली आहे. ग्रीक लोक त्याला 'बेडूक' म्हणत, तसेच 'मासेमार'ही म्हणत. लिनीयसने १७५८ साली त्याच्या एका जातीला जे लॅटिन नाव दिले, त्यातही 'मासेमार' हाच शब्द आहे.

आपल्याकडे मासा नेहमी दोरीच्या दुसऱ्या टोकाला दिसतो. गळाचे संस्कृत नाव बडिश. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत मासा एक आहे. जिभेच्या लोभाने प्राण जातो, हा त्याचा धडा. एकनाथ महाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या ग्रंथातून तो धडा मराठी घरोघरी पोचला. शुभवर्तमानातले गालील सरोवरावरचे कोळी घ्या. तेथेही मासा धरला जाणाराच. 'मासा गळाला लागला' असे आपण म्हणतो, तेव्हा फसलेल्याचीच गोष्ट सांगत असतो. मासाच गळ टाकून बसला आहे, ही कल्पना आपल्या म्हणींना नवीन आहे.

पण शब्द मात्र आपल्याजवळ तयार आहे, आणि तो म्हणजे 'आमिष'. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. गळाला मांसाचा तुकडा लावीत, म्हणून प्रलोभन हा अर्थही त्याला चिकटला. हिंदीच्या पुस्तकात 'निरामिष' भोजन वाचताना पहिला अर्थ भेटतो. मराठी घरात 'आमिषाला बळी पडू नको' म्हणताना दुसरा. या माशाने दोन्ही अर्थ एकत्र आणले. त्याचे आमिष हे त्याचेच मांस आहे!

श्रोतेहो, हे दोन अर्थ आमच्या मुलांना एकाच दिवशी भेटतात, त्यामागे इतिहास आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ साली ते राज्य खालसा झाले आणि पुढे मध्यप्रांत आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर व पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नकाशा बदलला, तरी जाम नदीच्या काठची बोली बदलली नाही.

एका पालकांनी मला मागे ऐकविले, "मुलाची मराठी सोडवा, त्याने हिंदी बिघडते." त्यांची काळजी खोटी नव्हती, परीक्षेत गुण जातात ते त्यांच्याच मुलाचे. पण ज्याला एकच भाषा येते, त्याला आमिषाचा एकच अर्थ ठाऊक असतो. सीमेवरच्या मुलाला दोन्ही ठाऊक असतात. ते शेजारी ठेवून दाखविणे एवढेच शिक्षकाचे काम उरते. मुलाची घरची भाषा सोडविली, तर तो कडब्याचा प्रश्न विचारणार नाही हे खरे. पण मग दुसराही प्रश्न विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिले : चारा, आमिष, काँटा, गळ. मग त्या मुलालाच माशाचे नाव ठेवायला सांगितले. क्षणभर विचार करून तो म्हणाला, "गळवाला मासा."

ग्रीकांनी, लॅटिन पंडितांनी आणि इंग्रजांनी जे म्हटले, तेच त्याने आपल्या आईच्या भाषेत म्हटले. या वेळी वर्गात कोणी हसले नाही.