बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर

इ. स. १९१६ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात व अहमदनगरात केलेल्या स्वराज्यविषयक भाषणांबद्दल लोकमान्य टिळकांकडून सद्वर्तनाचा २०,००० रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. त्यांच्या बचावासाठी मुसलमान बॅ. जिना, कॅथलिक जोसेफ बाप्टिस्टा आणि यहुदी डेव्हिड एरुळकर एकत्र आले. ९ नोव्हेंबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

एरुळकर बेने इस्राएल समाजाचे. या समाजाची मातृभाषा मराठी. राजकीय सुधारणांच्या त्या काळात आपल्या चिमुकल्या समाजासाठी वेगळे प्रतिनिधित्व मागण्यास त्यांनी विरोध केला. शेजाऱ्याच्या न्यायासाठी झटणाऱ्या समाजाला वेगळ्या कुंपणाची गरज काय? अल्पसंख्य असलेल्या आपणही या प्रश्नाचे मनन करावे.