कामेन्नी गोस्त

(पाषाणाचा पाहुणा). अलेक्सांद्र दार्गोमिझ्स्की (१८१३–१८६९) या रशियन संगीतकाराचा तीन अंकी ऑपेरा. पहिला प्रयोग मारीइन्स्की नाट्यगृह, सेंट पीटर्सबर्ग येथे १६ फेब्रुवारी १८७२ रोजी (जुन्या कालगणनेनुसार) झाला.

संहिता : पुश्किनची याच नावाची छोटी शोकांतिका (१८३०) जवळजवळ शब्दशः घेतली आहे. डॉन हुआनची कथा सर्वपरिचित; मात्र येथे डोना आन्ना ही सेनापतीची मुलगी नसून विधवा आहे.

रचना : अभिनेत्री लौराची दोन गीते सोडली तर स्वतंत्र पदे जवळपास नाहीत. संवादाच्या चढउतारांमागे स्वर चालतो, वाद्यवृंद त्याला जेमतेम आधार देतो. सेनापतीच्या पुतळ्याच्या प्रवेशातील पूर्णस्वरी स्वरश्रेणीचा वापर अभ्यासकांनी विशेष नोंदवला आहे. हृदयविकाराने खंगलेला दार्गोमिझ्स्की राहत्या घरी तालमी घेई आणि घोगऱ्या आवाजात स्वतः डॉन हुआन गाई. नोकर लेपोरेल्लोची भूमिका मुसोर्गस्की गात असे आणि पियानोवर नादेझ्दा पुर्गोल्ड (पुढे रिम्स्की-कोर्साकोव्हची पत्नी) असे. पहिल्या प्रवेशाचा शेवट अपुरा राहिला. संगीतकाराच्या इच्छेनुसार तो सेझार क्युईने पुरा केला आणि वाद्यवृंदलेखन रिम्स्की-कोर्साकोव्हने केले.

मानधनाचा वाद : वारसांतर्फे ३,००० रूबल मागण्यात आले. शाही नाट्यगृहांच्या नियमाप्रमाणे रशियन संगीतकाराला ऑपेरासाठी १,१४३ रूबलच्या वर देता येत नसे. परदेशी संगीतकारांना ही मर्यादा नव्हती. क्युई व समीक्षक स्टासोव्ह यांनी वृत्तपत्रांतून हा अन्याय वेशीवर टांगला. अखेर लोकवर्गणीतून रक्कम उभी राहिली, हक्क विकत घेतले गेले आणि प्रयोगाची वाट मोकळी झाली.

प्रतिसाद : ‘बलाढ्य पाच’ या संगीतकार-गटाने कृतीला आदर्श मानले, चायकोव्हस्कीला तिच्यातील सत्याचा आग्रह रुक्ष वाटला. प्रेक्षकांनी ती फारशी उचलून धरली नाही. पेत्रोव्ह (लेपोरेल्लो) व कोमिसार्झेव्हस्की (डॉन हुआन) यांच्यासारखे गायक असूनही ती रंगमंचावर टिकली नाही, हे अनपेक्षित म्हणता येत नाही : कान गाण्यासाठी आसुसलेले आणि समोर केवळ पठणगायन. रिम्स्की-कोर्साकोव्हने पुढे वाद्यवृंदलेखन नव्याने केले. या आवृत्तीचा प्रयोग १९०६ मध्ये बोल्शोय नाट्यगृहात झाला. तीत मूळ खडबडीतपणा किती गुळगुळीत झाला, याविषयी मतभेद आहेत.

प्रभाव : मुसोर्गस्कीचे ‘झेनित्बा’ (१८६८), रिम्स्की-कोर्साकोव्हचे ‘मोत्सार्ट इ साल्येरी’, राखमानिनोव्हचे ‘स्कुपोय रित्सार’. शेवटच्या दोन्हींच्या संहिता पुश्किनच्या छोट्या शोकांतिकांवरच आधारलेल्या आहेत.