कढ आणि जोश

‘काढणे’वरून काढा आला, असं पुष्कळांना वाटतं. वनस्पतीतला अर्क काढायचा, म्हणून काढा. सोयीचं आहे, पण खरं नाही. मूळ शब्द संस्कृत ‘क्वाथ’. ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे. प्राकृतात त्याचं ‘कढ’ झालं आणि मराठीत कढणे, कढी, काढा ही भावंडं आली. कढईला मात्र या घरात घेऊ नका. तिचं मूळ ‘कटाह’, कूळच वेगळं.

छत्रपती संभाजीनगरात काढ्याला एक शेजारी आहे, जोशांदा. १७६३ पर्यंत ही निजामाची राजधानी. ती हैदराबादला गेली तरी १९४८ पर्यंत राज्य त्याचंच. त्या आश्रयाने हकिमी इथे रुजली. फारसीत ‘जोशीदन’ म्हणजेही उकळणेच. सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात उन्नाब, सपिस्तान, जेष्ठमध पडतात. नावं भारदस्त असली तरी उन्नाब हा बोराचा भाऊबंद आणि सपिस्तान म्हणजे आपलं लोणच्याचं भोकर! दोन्हीकडचं उकळणं चुलीवरून मनातही पोचलं. मायेचे कढ येतात, पोरांना जोश चढतो.

काढ्याचं माप आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर असं देतो: औषधाच्या सोळापट पाणी, आटवून आठवा हिस्सा उरवायचा. पाण्यात उतरेल तेच या रीतीने हाती लागतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्याला फारशी दाद देत नाही. त्याला दूध-तूप जवळचं. गुळवेलीतल्या बहुशर्करा मात्र पाण्यात उतरतात. त्यांतलीच एक, अरॅबिनोगॅलॅक्टन, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वेगळी केली. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींची संख्या तिने वाढते, असं त्यांच्या १९९९च्या शोधनिबंधात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर त्याआधीपासून गुळवेलीच्या मागे होत्या. पण प्रयोगशाळेत पेशी वाढल्या म्हणजे माणसाचा ताप टळलाच, असं होत नाही.

जुना काढा आजाऱ्याचा होता. वैद्य नाडी बघून सांगे, ठरावीक दिवस द्यायचा, मग बंद. २०२०मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा सुचवला आणि धडधाकट माणसंही सकाळ-संध्याकाळ काढा पिऊ लागली. माझ्या मते काढ्याच्या कुळकथेतलं हे सर्वांत मोठं वळण, शब्दाच्या प्रवासापेक्षाही मोठं. त्याच लाटेत गुळवेलही घरोघरी शिरली. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद काहीही असो, रोज गुळवेल घेत असाल आणि डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांपासून ती लपवू नका.

आणि जोशांदा? तो आता पुडीतही मिळतो. गरम पाण्यात टाकला की विरघळतो, उकळावा लागत नाही.