काचेवरची वाट : दृष्टिहीनांच्या हाती स्पर्शपडद्याचा फोन कसा आला?

२००७ साली पहिला आयफोन बाजारात आला आणि त्याच्या गुळगुळीत काचेवर जग लुब्ध झाले. दृष्टिहीन माणसासाठी मात्र ती काच म्हणजे भिंत होती. पडद्यावरचे वाचून दाखवणारी कोणतीही सोय त्या फोनमध्ये नव्हती.

तोवरची घडी बरी बसली होती. नोकियाच्या सिम्बियन फोनवर ‘टॉक्स’ किंवा ‘मोबाइल स्पीक’ हे पडदावाचक चालत. त्यांचे वेगळे पैसे मोजावे लागत, पण कळा बोटांच्या ओळखीच्या होत्या. ५ च्या कळेवरचा उंचवटा सापडला की उरलेले आकडे आपसूक हाताशी येत.

काचेवर उंचवटा नाही, ही अडचण होतीच. खरा पेच त्याहून खोल होता. कळ आधी चाचपता येते, मग दाबता येते. स्पर्शपडद्यावर चाचपणे हेच दाबणे ठरते. बोट चुकून लागले की भलत्यालाच फोन!

वॉशिंग्टन विद्यापीठातील शॉन केन, जेफ्री बिगहॅम आणि जेकब वॉब्रॉक यांनी २००८ साली ‘स्लाइड रूल’ या प्रयोगातून यावर तोड सुचवली. एक बोट फिरत राहील तसा फोन त्याखालचे नाव उच्चारतो. निवड करायची तर दुसऱ्या बोटाने टिचकी मारायची. चाचपणे आणि दाबणे पुन्हा वेगळे झाले. १० दृष्टिहीन व्यक्तींनी हे वापरून पाहिले. कळांच्या यंत्रापेक्षा चुका जास्त झाल्या, पण कामे लवकर उरकली आणि १० पैकी ७ जणांनी काचच पसंत केली. त्या काळच्या साऱ्या भीतीला हे उत्तर पुरेसे होते, असे मला वाटते.

जून २००९ मध्ये आयफोन ३जीएस आला तो ‘व्हॉइसओव्हर’ घेऊनच. येथे एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती गोष्ट उघडते. अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी पडदा मोठा करण्याची आणि रंग उलटे करण्याची सोयही त्यात होती. पडदावाचकासाठी वेगळी खरेदी उरली नाही. किंमत मात्र भारतात अनेकांच्या आवाक्याबाहेरची होती.

गूगलमध्ये याच काळात टी. व्ही. रामन काम करत होते. पुण्यात जन्मलेले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेलेले, पुणे विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई येथे शिकलेले हे संशोधक. चार्ल्स चेन यांच्यासह त्यांनी केलेला डायलर मोठा मार्मिक होता : बोट काचेवर प्रथम जिथे टेकेल तिथेच ५ मानायचा. वर सरकवले की २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. नोकियाचा उंचवटा शोधत बसायलाच नको. तो बोटाखाली येऊन उभा राहतो.

तरीही अँड्रॉइडची वाट खडतर राहिली. ‘टॉकबॅक’ २००९ पासून होता, पण काचेवर बोट फिरवून ऐकण्याची सोय २०११ मधील ४.० आवृत्तीत आली. तोपर्यंत दृष्टिहीन ग्राहकाला ट्रॅकबॉल किंवा कळफलक असलेला फोन शोधावा लागे. म्हणजे ‘अँड्रॉइड घ्यावा का’ यापेक्षा ‘कोणता’ हा प्रश्न महत्त्वाचा होता.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची कास धरण्याचे जाहीर केले. त्या प्रणालीत तेव्हा पडदावाचकच नव्हता; तो २०१३ मध्ये विंडोज फोन ८ च्या तिसऱ्या अद्यतनात आला. ज्या नावावर दृष्टिहीनांनी वर्षानुवर्षे विसंबून राहावे, त्याच नावाचा नवा फोन त्यांच्यासाठी मुका निघाला. बाजारातील निष्ठा एकतर्फी असते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

आज पडदावाचक दोन्हीकडे आहे, त्यामुळे निवडीची कसोटी दुकानातच लावता येते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद एकत्र दाबून धरल्या की टॉकबॅक सुरू करता येतो. आयफोनवर तेच काम सिरीला सांगता येते. मग रोजचे बँकेचे ॲप उघडून पाहावे. ज्या बटणाला ॲप बनवणाऱ्याने नावच दिलेले नाही, तिथे महागडा फोनही ‘बटण’ एवढेच म्हणतो. ते पैसे पाठवण्याचे की रद्द करण्याचे, हे त्यालाही ठाऊक नसते.